गावाला गेलेलं हरीण

दि. ३ सप्टेंबर

तीर्थरूप नाना आणि आई,

इथूनच दोघांच्या पायांवर डोकं ठेवते. मी खुशाल आहे. आईचा गुडघा आणि तुमचं शिलाईचं मशीन धड असेल, आणि गल्लीतली रोगाची साथ पुरती गेली असेल, असं धरून पुढे लिहिते. आईला पत्र वाचून दाखवताना मधलं गाळू नका. तिला लगेच कळतं, आणि मग ती दिवसभर विचारत बसते.

नोकरीत मी आता रुळले. कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे सर तुम्हाला आठवत असतील. माझ्या निकालाचं पत्र त्यांनीच तुम्हाला पाठवलं होतं. त्यांनी कॉलेज सोडलं आणि गावाबाहेरच्या एका जुन्या बागेत प्राणिसंग्रहालय उभं करायला घेतलं. या शहरात असं काही पूर्वी कोणी केलेलं नाही, त्यामुळे लोकांना ते कळतच नाही. कोणी विचारतं, खेळ किती वाजता. कोणी विचारतं, माणसांचा पिंजरा कुठे. सरांना सगळे माकडवाले सर म्हणतात आणि मला पदवीबाई. मला राग येत नाही. आपल्या घरात पदवीवरून कुणाला चिडवायची सोय तरी कुठे होती?

सरांचं म्हणणं असं, की सर्कशीत जनावर चाबकाला भिऊन नाचतं. इथे ते काहीच करणार नाही, नुसतं असेल, आणि माणसं गप्प उभी राहून बघतील. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, असं काम मिळालं तर आणखी काय हवं. माझ्याकडे पाट्या आहेत. प्रत्येक पिंजऱ्यापुढे प्राण्याचं नाव, तो कुठे राहतो, काय खातो, हे साध्या भाषेत लिहायचं. रंगाचे डाग परकरावरून जात नाहीत, ते आईला सांगू नका.

पण नाना, इथे काहीतरी बरोबर चाललेलं नाही. करकोच्यांची जोडी मालगाडीने आली, मी त्यांची पाटी रंगवली, आणि ती वाळेपर्यंत आत एकच करकोचा. मी जमादारांना विचारलं. हे पूर्वी सर्कशीत होते, सगळ्या राखणदारांवर त्यांचा हुकूम चालतो. ते म्हणाले, "एक गावाला गेला, बाई." मग साळिंदर गावाला गेलं. मग कोल्ह्याची मादी. कोणत्या गावाला म्हणून विचारलं तर म्हणतात, त्याच्या त्याच्या. आणि बाकीचे राखणदार खाली मान घालून हसतात. जमादारांचा भाऊ गावाकडे शेती करतो असं मला कळलं आहे, म्हणजे प्राणी खपवायला जागा आहेच. गोणपाटाने झाकलेली टोपली घेऊन ते मागच्या फाटकाने जातात आणि टोपली रिकामी परत आणतात. हा माणूस सरांच्या नाकाखालून प्राणी विकतो आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. सर भोळे आहेत. मी मात्र हल्ली मागच्या फाटकासमोरच पाट्या रंगवायला बसते.

आक्कासाठी एक अंगुस्तान पाठवते आहे. पितळी आहे, तिच्या बोटाला बसेल आणि सुई टोचणार नाही. जुनं बिचाऱ्याचं चाळणीसारखं झालं होतं. मावशीच्या गावची हवा तिला मानवली हे वाचून बरं वाटलं. पण दोन ओळी तिने स्वतः का लिहू नयेत? परीक्षेच्या आधीपर्यंत तुमच्या पत्राच्या कडेला ती काहीतरी खोचक लिहायची. आता नुसतं तुमचं अक्षर येतं. पत्र अळणी लागतं.

परीक्षा संपल्यावर साथ आहे म्हणून येऊ नको म्हणालात, मग नोकरी वाट बघणार नाही म्हणून येऊ नको म्हणालात. आता कधी येऊ ते तुम्हीच कळवा.

तुमची,
धाकटी


दि. २१ सप्टेंबर

तीर्थरूप नाना आणि आई,

नमस्कार दोघांना. पत्र मिळालं. अंगुस्तान आक्काला आवडलं, ते घालूनच बसते, असं तुम्ही लिहिलंत. पार्सल मावशीकडे इतक्या लवकर पोचलं याचं आश्चर्य वाटलं. तिकडचं टपाल सुधारलं असेल.

इथली गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला हसू येईल. मला आलं नाही.

कोल्ह्यानंतर एक माकड गावाला गेलं, तेव्हा माझ्याने राहवेना. मी सरांच्या खोलीत गेले आणि जमादार चोर आहेत असं सरळ सांगून टाकलं. भाऊ, टोपली, मागचं फाटक, सगळं सांगितलं. वकिलासारखं बोलले असेन. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, चला माझ्याबरोबर. मागच्या फाटकाबाहेर बांबूच्या बेटाआड एक पत्र्याची शेड आहे. आत चुन्याचा आणि आणखी कसला तरी वास. फळीवर साळिंदराची कवटी होती. करकोच्याचे पाय सुतळीने बांधून टांगलेले होते. कोपऱ्यात ओल्या मातीचे उंचवटे.

नाना, कोणी कुणाला विकलं नव्हतं. ते सगळे मेले होते.

सरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "अशी बाग पूर्वी कुणी केली नाही, म्हणजे ती करायची कशी हेही कुणाला माहीत नाही. चुकत चुकत शिकतो आहे." करकोचा प्रवासात घाबरला होता. साळिंदराला फरशीची ओल बाधली. प्रत्येक मेलेला प्राणी ते स्वतः उघडून बघतात, कशाने गेला ते शोधतात, आणि तशी पिंजऱ्यात सुधारणा करतात. आता सगळीकडे खाली लाकडी फळ्या घातल्या आहेत त्या साळिंदरामुळे. पण फाटक उघडण्याआधीच प्राणी मरतात असं बाहेर कळलं तर बाग उघडण्याआधीच मिटेल. म्हणून राखणदारांमध्ये हा शब्द पडला. कोणी मेलं की गावाला गेलं म्हणायचं. सगळ्यांना कळतं. मला एकटीला कळलं नाही. सर सोडले तर पदवी घेतलेली मी एकटीच होते ना तिथे.

जमादारांची मी माफी मागितली. ते म्हणाले, चोर म्हटल्याचं काही नाही बाई, पण माझा भाऊ शेती करतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, तो तर न्हावी आहे. दुसऱ्या दिवशी सगळी बाग मला पोलीसबाई म्हणत होती.

पण या शब्दाची सुरुवात राखणदारांनी केलेली नाही, सरांनी केली. ही बाग ज्यांची, त्या बाईसाहेब म्हाताऱ्या आहेत. नवरा नाही, मूलबाळ नाही. त्यांनी बाटलीने दूध पाजून एक हरीण वाढवलं होतं, पिटुकली नावाचं. ते त्यांच्या व्हरांड्यात झोपायचं. बाग द्यायचं ठरलं तेव्हा सर्वांत आधी त्यांनी पिटुकली दिली. ती कुंपणात आली आणि काही दिवसांतच मेली. का, ते सरांनाही कळलं नाही. त्याच सुमारास बाईसाहेब पाय मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. अशा वेळी कसं सांगायचं म्हणून सर म्हणाले, पिटुकलीला गावाला पाठवलं आहे, माझ्या मित्राच्या कुरणावर, तिथे ती मोकळी हिंडते. बाईसाहेब खूश झाल्या. तेव्हापासून दर आठवड्याला त्या पिटुकलीसाठी कोवळी गाजरं निवडून पाठवतात. ती आमचे ससे खातात.

आता त्यांचा पाय बरा होतो आहे. फाटक त्यांच्या हस्ते उघडायचं आहे, आणि त्यांना आधी पिटुकलीला भेटायला जायचं आहे. सरांनी मला एक काम सांगितलं आहे. कुरणावरच्या राखणदाराने लिहिल्यासारखं एक पत्र मी लिहायचं, पिटुकली कशी आहे ते सविस्तर, आणि बाईसाहेबांना वाचून दाखवायचं. म्हणजे फाटक उघडेपर्यंत त्यांच्या जिवाला स्वस्थता. माझी भाषा सरळ आहे, माझ्यावर त्यांचा विश्वास बसेल, असं सर म्हणाले. मला ते आवडलं नाही. पण शेडमधल्या त्या फळीपुढे उभ्या असलेल्या सरांचा चेहरा मी पाहिला आहे. दोन ओळी लिहायच्या, त्यात कुणाचं काय जातं, असं मनाला समजावते आहे.

आक्काला सांगा, तिच्यावर मी रागावले आहे.

तुमची,
धाकटी


दि. ६ ऑक्टोबर

तीर्थरूप नाना,

हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा.

तुमची, आईची प्रकृती विचारायची राहूनच जाईल, म्हणून आधी विचारते. थंडी पडायला लागली की दुकानाचं मागचं दार लावून काम करा. आईला तेल गरम करून द्या. मी बरी आहे.

बाईसाहेबांसाठीचं पत्र मी लिहायला बसले. मला वाटलं होतं जड जाईल. अजिबात गेलं नाही. लेखणी आपोआप चालली. मी लिहिलं: इकडची हवा तिला मानवली आहे. भूक चांगली लागते. अंगावर थोडं मांसही आलं आहे. तुमची आठवण काढते. काळजीचं काही कारण नाही. पाठवलेली वस्तू मिळाली, फार आवडली. आत्ता भेटायला येण्याची घाई करू नये, दगदग होईल.

शाई वाळायला कागद खिडकीत ठेवला आणि पुन्हा वाचला. तेव्हा लक्षात आलं की हरणाला कुणाची आठवण येते हे राखणदाराला कसं कळेल. असं वाक्य मी का लिहावं? मग दुसरं वाक्य बघितलं, मग तिसरं. नाना, त्यातलं एकही माझं नाही. सगळी ओळखीची आहेत. एप्रिलपासून तुमच्या प्रत्येक पत्रात ती आहेत, याच क्रमाने.

मी काही म्हणत नाही. तुम्ही तसं काही केलं असेल असं मी म्हणत नाही. इतके दिवस संशयाने बघत बघत माझा स्वभावच तसा झाला असेल. जमादारांच्या बाबतीत मी किती चुकले ते तुम्हाला कळवलंच आहे. याही वेळी चुकले असेन तर मला इतकं बरं वाटेल की मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पण डोक्यातून जात नाही. मावशीच्या गावी आक्का दोन दिवसही राहायची नाही. तिला तिथला काळोख आवडत नाही, आणि मावशी तिच्या शिवणाला नावं ठेवते. गल्लीत साथ होती तेव्हा तुम्ही दोघं घरातच राहिलात, मग तिला एकटीलाच हवापालट कशाला? मी दोन पत्रं थेट मावशीच्या पत्त्यावर टाकली होती, तुम्हाला सांगितलं नव्हतं. उत्तर आलं नाही. आक्का मला उत्तर देणार नाही असं कधी झालं आहे का? ती शाळा सोडून तुमच्याशेजारी काजं करायला बसली ती मी शिकावं म्हणून, आणि त्याचा टोमणा ती मला महिन्यातून एकदा तरी मारल्याशिवाय राहायची नाही. माझा निकाल लागून इतके दिवस झाले. एक टोमणा नाही.

सकाळी पाट्या लिहिताना वाटलं, पत्रात माणसाच्या नावाआधी आपण काहीतरी लिहितोच. कुणाला चि., कुणाला सौ., कुणाला श्री. आक्काच्या आधी मी काय लिहू, एवढंच मला कळवा.

हे लिहिणं तुम्हाला अवघड जाईल, म्हणून एक सोपी गोष्ट विचारते. मी कॉलेजला निघाले तेव्हा स्टेशनवर आक्काने मला जवळ घेऊन कानात एक शिवी दिली होती. तुम्ही हमालाशी बोलत होतात. कोणती शिवी, ते तिला विचारा. लिहायला लाज वाटली तर पहिलं अक्षर लिहा. तेवढ्याने माझं समाधान होईल, आणि मी तुमची हात जोडून माफी मागेन.

बाईसाहेबांचं पत्र अजून माझ्याकडेच आहे. उद्या सरांबरोबर जायचं आहे.

धाकटी


दि. १९ ऑक्टोबर

तीर्थरूप नाना आणि आई,

नमस्कार. हे पत्र आईलाही वाचून दाखवा. मला वाटतं, गप्प राहायचा तिलाही आता कंटाळा आला असेल.

आम्ही बाईसाहेबांकडे गेलो. त्यांची खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून बागेची झाडं दिसतात. पलंगाशेजारी टोपलीत गाजरं होती आणि त्या एकेक पुसून ठेवत होत्या. मी कागद उघडला. "इकडची हवा तिला मानवली आहे" एवढं वाचलं आणि थांबले. सरांना वाटलं अक्षर लागत नाही, ते कागद घ्यायला पुढे झाले. मी तो घडी करून ठेवला आणि म्हटलं, बाईसाहेब, पिटुकली नाही. ती उन्हाळ्यातच मेली. हे पत्र मी लिहिलं आहे.

मला वाटलं, बाग गेली. सरांचं आयुष्य गेलं आणि ते मी घालवलं.

बाईसाहेबांनी हातातलं गाजर पुसून टोपलीत ठेवलं. मग सरांना विचारलं, कोणत्या दिवशी. सरांनी तारीख सांगितली. त्या आठवत राहिल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी काय करत होते? कोणाकडे तरी हसत बसले असेन." मग म्हणाल्या, "ती गेली, आणि मी इथे गाजरं निवडत बसले. आणि तुम्ही मला बसू दिलंत."

सर म्हणाले, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

"त्रास माझा होता. तो तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात. आता ती जाऊन इतके दिवस झाले, आता मी रडले तर लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं."

आणि तरीही त्या रडल्या, नाना. आमच्या देखत, टोपली मांडीवर घेऊन. आम्ही दोघं उभे होतो. बसा असं त्यांनी म्हटलं नाही.

बाग त्यांनी परत घेतली नाही. फाटक ठरल्या दिवशी उघडलं. त्यांनी एकच अट घातली, की गावाला हा शब्द त्यांच्या बागेत पुन्हा ऐकू येता कामा नये. जो प्राणी मेला तो मेला म्हणायचं, आणि रिकाम्या पिंजऱ्यापुढे तशी पाटी लावायची. सर म्हणाले, लोक जिवंत प्राणी बघायला येतात. बाईसाहेब म्हणाल्या, मग त्यांना कळू दे की हे जिवंत आहेत. पहिल्या दिवशी खूप गर्दी झाली. अस्वलापुढे लोकांनी आरडाओरडा केला, मग हळूहळू गप्प झाले. हरणाच्या कुंपणापुढे मी लिहिलेली पाटी होती: इथे पिटुकली नावाचं हरीण होतं. ते मेलं. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. एक बाई ती वाचून बराच वेळ तिथेच थांबली. जमादारांनी गर्दी तिला धक्का न लावता बाजूने वळवून नेली.

त्या दिवशी बाईसाहेबांकडून परत येताना सर वाटेत म्हणाले, मला वाटत होतं मी त्यांना जपतोय, खरं म्हणजे मी बागेला जपत होतो. माझ्यावर ते रागावले नाहीत. पण पूर्वीसारखे बोलतही नाहीत.

परवा तुमचं पत्र आलं.

तुम्ही आईच्या गुडघ्याबद्दल लिहिलं आहे. मशीनचा पट्टा बदलल्याचं लिहिलं आहे. शेजारच्या सोनारांच्या घरी लग्न ठरल्याचं, विहिरीला पाणी असल्याचं, माझ्या पगाराबद्दल अभिमान वाटल्याचं लिहिलं आहे. कागदाच्या चारही बाजू भरल्या आहेत. आक्काबद्दल एक अक्षर नाही. एप्रिलपासून पहिल्यांदा.

म्हणजे या वेळी तुम्हाला खोटं लिहवलं नाही. नाना, मी तुमच्यावर रागावलेली नाही. मी ते पत्र हातात धरून बसले होते तेव्हा मला कळलं, की तुम्ही मशीनपाशी बसून किती वेळा लेखणी उचलली असेल. माझी परीक्षा मोडू नये म्हणून पहिलं पत्र लिहिलंत. मी परीक्षेला बसले. मग निकाल, मग नोकरी. प्रत्येक वेळी आणखी एक पत्र लिहावं लागलं, आणि प्रत्येक पत्रात तिच्या अंगावर थोडं मांस आणावं लागलं. हे मी तुमच्याकडून शिकले नसते तर मलाही ते इतकं सहज लिहिता आलं नसतं.

पण मी त्या दिवशी काय करत होते, ते मला कळायला हवं. मी पेपर लिहीत होते का? वसतिगृहात मैत्रिणींबरोबर हसत होते का? तुम्ही आईला आवरत होतात तेव्हा मी कुठली तरी व्याख्या पाठ करत असेन. तो दिवस तुमच्याकडे आहे. माझा मला परत द्या. मावशीला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना माहीत असेल. गल्लीत शिरले की लोक माझ्याकडे कसे बघतील याची मला कल्पना आहे. एवढ्या दिवसांनी हिला कसलं रडू येतं आहे, असं म्हणतील. म्हणू देत.

मी शुक्रवारच्या गाडीने निघते आहे. सरांनी रजा दिली, कारण विचारलं नाही. स्टेशनवर कोणी येऊ नका. घरी आल्यावर आधी पाणी, आधी जेवण असं करू नका. दाराशीच सांगा. आईला म्हणावं, मला जवळ घ्यायच्या आधी सांग.

तुमची, आता एकुलती